तोंड त्याचे, शब्द आमचे

दिवाळी सरते, भाताची कापणी उरकते आणि आमच्या खानापूर तालुक्यात मोकळ्या झालेल्या शेतांतून कबड्डीची मैदाने आखली जातात. चार बांबूंवर ट्यूबलाइटा चढतात, भोंगा लागतो, वर्गणीच्या पावत्या फिरतात. नंदगडला बाहेरचे लोक संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीचे गाव म्हणून ओळखतात. पण थंडीच्या दिवसांत गावातल्या पोरांना विचाराल तर ती कोणत्या गावाला किती हजारांचे बक्षीस लागले आहे एवढेच सांगतील. या सामन्यांत मी वीसेक वर्षे संघ घेऊन फिरलो. शाळामास्तरकी पोटासाठी केली, कबड्डी जिवासाठी. म्हणून आज जे लिहितो आहे ते बाहेरून बघणाऱ्याचे लिखाण नव्हे.

प्रत्येक संघात एक भांडखोर असतो. समोरच्याला डिवचणारा, पंचाशी हुज्जत घालणारा, पकड झाली की मांडी थोपटून पडलेल्याच्या तोंडावर ओरडणारा. त्याच्याविषयी दरवर्षी दोन मते कानावर येतात. पहिले मत आमच्या पिढीतल्या पांढरपेशा मंडळींचे. खेळ म्हणजे सभ्यता, असल्या पोरांना मैदानात पाऊल टाकू देऊ नये. दुसरे मत स्पर्धा भरवणाऱ्यांचे. मास्तर, त्याच्याशिवाय गर्दी जमत नाही, चालायचेच. वाचकहो, ही दोन्ही मते मला खोटी वाटतात. पहिल्याला खेळ कळलेला नाही आणि दुसऱ्याला माणूस.

आधी सभ्य मंडळींशी बोलतो. कबड्डी हा मुळात तोंडाचा खेळ आहे. चढाई करणाऱ्याने सात जणांच्या अंगणात एकट्याने शिरायचे आणि दम आहे तोवर मोठ्याने शब्द उच्चारत राहायचे. हा खेळ मुक्याने होत नाही. कुस्तीत शड्डू ठोकतात तो काय शांततेचा मंत्र असतो? प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी यू मुंबा संघात इराणचा फजल अत्राचली आला. डावा कोपरा. पकड झाली की त्याची गर्जना आणि थोपटलेली मांडी दूरदर्शन संचावर आमच्या गल्लीपर्यंत ऐकू येई. पण त्याच संघाचा कर्णधार अनुप कुमार कसा होता? सामना हातातून निसटत असतानाही कपाळावर आठी नाही. २०१५ साली त्या संघाने अंतिम सामन्यात बेंगळूरू बुल्सला हरवून करंडक जिंकला. एका संघात आग आणि पाणी दोन्ही लागते, हे त्या वर्षी शेंबड्या पोरालाही दिसले. पुढे २०१८ मध्ये फजल स्वतः यू मुंबाचा कर्णधार झाला आणि त्याच्या संघात आमच्या शेजारच्या चंदगड तालुक्यातला, हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई चढाया करत होता. तेव्हा आवाज करणाऱ्याला हाकला म्हणणाऱ्यांनी आधी तो आवाज कशाचा आहे ते ऐकावे.

क्रिकेटमध्ये तरी वेगळे काय आहे? ४ मार्च १९९२ रोजी सिडनीला विश्वचषकाच्या सामन्यात बडोद्याचा किरण मोरे यष्टींमागून इतका ओरडत होता की जावेद मियाँदादचा तोल गेला. पंचाकडे तक्रार करूनही भागले नाही, तेव्हा तो भर मैदानात बेडकासारख्या उड्या मारू लागला. सामना आपण ४३ धावांनी जिंकला. ९ मार्च १९९६ रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर आमिर सोहेलने व्यंकटेश प्रसादला चौकार मारला आणि बॅटने सीमारेषेकडे बोट केल्यागत दाखवले. पुढच्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला. या दोन्ही प्रसंगांत कुणाच्या घरापर्यंत कुणी गेले नव्हते. मोरे ओरडला तो बाद देण्यासाठी, सोहेलने दाखवली ती चौकाराची दिशा, आणि प्रसादने उत्तर दिले ते चेंडूने. भांडण मैदानातले होते, ते मैदानातच संपले. असल्या भांडणाशिवाय खेळ म्हणजे मीठ न घातलेली आंबील. हे मी बिनदिक्कत म्हणतो.

आता स्पर्धा भरवणाऱ्यांकडे वळतो. पण त्यांच्याशी बोलण्याआधी मला स्वतःविषयी सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

तो १९९६ चाच हिवाळा. आमच्या संघाचा डावा कोपरा म्हणजे अंगाने काटकुळा पोरगा. कौलांच्या भट्टीवर कामाला जायचा. घोट्याला हात घातला की सुटका नाही, अशी त्याची पकड. आणि तोंड असे की समोरचा चढाई करायला यायच्या आधीच अर्धा घायाळ. सोहेल आणि प्रसादची ती जुगलबंदी आम्ही सगळ्यांनी मिळून एकाच घरी बघितली होती. दुसऱ्या दिवशी मी पोरांना सांगितले, बघा, डोके फिरले की विकेट जाते. समोरच्याचे डोके फिरवायला शिका. प्रसादकडून शिकायचे होते चेंडू टाकणे. मी शिकवले डिवचणे.

हे शिकवणे हळूहळू वाढत गेले. आधी म्हणायचो, त्याच्या चढाईला हस. मग म्हणू लागलो, त्याच्या गावाला हस. पुढे पुढे मी सामन्याआधी चौकशी करू लागलो. कुणाचा बाप पितो, कुणाचे लग्न मोडले, कुणाच्या शेतावर बँकेची नोटीस आली. मास्तर असल्याने चार गावच्या बातम्या मला आपसूक कळत. त्या मी कोपऱ्याच्या कानात सांगे आणि तो त्या मैदानात बोलून दाखवी. आम्ही जिंकत होतो. बाकावर बसलेले आम्ही सगळे हसत होतो.

तालुक्यातल्याच एका गावी अंतिम सामना होता. समोरचा संघ कानडी बोलणाऱ्या पोरांचा. त्यात नवल काही नाही. इथली पोरे घरी एक भाषा बोलतात, बाजारात दुसरी, आणि शिव्या दोन्हीतून देतात. त्यांचा चढाईपटू आमच्यापेक्षा सरस होता. मध्यंतराला आम्ही पाच गुणांनी मागे होतो. मी कोपऱ्याला बाजूला घेतले. त्या चढाईपटूची थोरली बहीण काही महिन्यांपूर्वी सासर सोडून माहेरी आली आहे, हे मला ठाऊक होते. मी एवढेच म्हणालो, "अक्का कशी आहे विचार त्याला."

त्याने विचारले. हसत हसत, स्वच्छ कानडीत. आणि वर स्वतःचे दोन शब्द जोडले, ते मी इथे लिहिणार नाही. चढाईपटूचा दम तुटला आणि त्याने मूठ उगारली. पंचाने शिट्टी फुंकली. इथवर तो दोन पोरांचा तंटा होता. पण गर्दीतून कुणीतरी ओरडले की मराठी पोराने कानडी पोरीची अब्रू काढली. भोंग्यावरच्या माणसाने तेच आणखी मोठ्याने सांगितले. त्यानंतर कबड्डी राहिली नाही. ट्यूबलाइटा फुटल्या, दगड आले, आमच्या पोरांच्या सायकली चाळणीसारख्या झाल्या. एकाच्या कपाळाला टाके पडले. त्या गावात आमच्या गावच्या दोन लेकी दिलेल्या होत्या, त्यांना त्या संक्रांतीला माहेरी पाठवले नाही. एका शब्दाने एवढे केले.

सीमाभागात राहणाऱ्यांना यातले वेगळे काही समजावून सांगायला नको. दुसरीकडे शिवी ही शिवी असते. इथे ती कोणत्या भाषेतून आली ते आधी बघितले जाते. सोलापूर किंवा पुण्याच्या मैदानात जो तंटा दहा मिनिटांत मिटला असता तो इथे दहा वर्षांच्या हिशेबात जमा होतो. महाजन अहवाल १९६७ साली आला, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ साली दाखल झाला. त्याचे काय व्हायचे ते मोठे लोक बघतील. पण आपल्या पोरांच्या तोंडात काय घालायचे, हे तर आपल्याच हातात होते ना?

आठवडाभराने दोन्ही गावच्या पंचांची बैठक झाली. ठरले असे की कोपऱ्याला तीन वर्षे खेळबंदी. कागद कुणी लिहायचा? मास्तरांनी, कारण अक्षर चांगले. मी लिहिले, 'सदर खेळाडूने स्वतःच्या मनाने अर्वाच्य शब्द वापरले.' स्वतःच्या मनाने! खाली सही केली. बाकी दोघातिघांना खरे माहीत होते, त्यांनीही केली. रात्री तो घरी आला. अंगणात उभा राहिला, वर आला नाही. म्हणाला, "गुरुजी, मी स्वतःच्या मनानं काय बोललो? तुम्हीच सांगितलासा की." मी म्हणालो, पुढचे दोन शब्द तुझे होते. तो म्हणाला, "व्हय, ते दोन माझं. त्याची शिक्षा द्या की. बाकीची कुणाला?" मला उत्तर देता आले नाही. तीन वर्षांनी तो परत खेळायला आला नाही.

स्पर्धा भरवणाऱ्यांनो, माझे भांडण आहे ते इथे. भांडखोर खेळाडू सगळ्यांना हवा असतो आणि त्याची जबाबदारी कुणालाच नको असते. जिंकला तर तो आमचा वाघ, सापडला तर तो मोकाट सुटलेला गावगुंड. ही रीत एकट्या नंदगडची नाही. उत्तर अमेरिकेत बर्फावरची हॉकी खेळतात. तिथल्या व्यावसायिक संघांत मारामारी करण्यासाठीच खेळाडू ठेवण्याची पद्धत होती. गुद्दागुद्दी केली की पाच मिनिटे बाहेर बसायचे, मग परत यायचे, अशी नियमातच सोय. डेरेक बूगार्ड नावाचा असा एक खेळाडू होता. २७७ सामने खेळला, गोल केले तीन, आणि शिक्षा म्हणून बाहेर बसला ५८९ मिनिटे. प्रेक्षक त्याच्या नावाने घसा कोरडा करत. मे २०११ मध्ये वेदनाशामक गोळ्या आणि दारू यांच्या मिश्रणाने तो गेला, तेव्हा वय अवघे २८. तपासणीत त्याचा मेंदू वारंवारच्या आघातांनी रोगट झालेला आढळला. आता सांगा, त्या २७७ सामन्यांत त्याला कुणी पाठवले होते? तो घरातून भांडायला निघाला होता की कुणी त्याला त्यासाठी पगार दिला होता?

आपल्याकडे ती पाळी आलेली नाही, पण वाट तीच आहे. १ मे २०२३ रोजी लखनौला आयपीएलच्या सामन्यानंतर विराट कोहली आणि गौतम गंभीर समोरासमोर आले. त्यातला एक खेळाडू, दुसरा प्रतिस्पर्धी संघाचा मार्गदर्शक. म्हणजे ज्याने आवरायचे तोच भांडणात. दोघांचे सामन्याचे पूर्ण मानधन दंड म्हणून कापले गेले. सामना कुणी जिंकला हे आज किती जणांना आठवते? भांडणाचे चित्रण मात्र घरोघरच्या मोबाइलवर फिरत राहिले. शिक्षा करणारी आणि त्या भांडणावर गर्दी गोळा करणारी माणसे एकाच मांडवात बसलेली असली की दंड हा दंड राहत नाही, तो जाहिरातीचा खर्च होतो.

मग करायचे काय? याचे उत्तर मला दोन प्रसंगांत सापडते.

पहिला १० फेब्रुवारी १९८१ चा. मेलबर्नला सुनील गावसकर ७० धावांवर पायचीत दिला गेला. चेंडू बॅटला लागला होता असे त्याचे म्हणणे. त्यात ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंचे शब्द कानावर पडले आणि तो जोडीदार चेतन चौहानला घेऊनच मैदानाबाहेर चालू लागला. आमच्या पिढीला त्या वेळी केवढा अभिमान वाटला होता! पण चौहान सीमारेषा ओलांडता तर सामना हातचा जाण्याची वेळ होती. संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर शाहिद दुर्रानी सीमेवर आले आणि त्यांनी चौहानला परत पाठवले. पुढे कपिलदेवने पाच गडी टिपले, १४३ धावांचा पाठलाग करणारी ऑस्ट्रेलिया ८३ वर गारद झाली आणि सामना आपण ५९ धावांनी जिंकला. आपल्या त्या वागण्याचा पश्चात्ताप गावसकरने स्वतःच नंतर बोलून दाखवला आहे. त्याचा राग खरा होता, त्याबद्दल मी त्याला दोष देणार नाही. पण त्या दिवशी सीमेवर कुणी उभेच नसते तर?

दुसरा प्रसंग अलीकडचा. सप्टेंबर २०२२, कोईमतूर, दुलीप करंडकाचा अंतिम सामना. पश्चिम विभागाच्या यशस्वी जयस्वालने त्याच सामन्यात २६५ धावा केल्या होत्या. विजय समोर दिसत होता. जयस्वाल दक्षिण विभागाच्या फलंदाजाला सारखे बोलत राहिला. ताकीद मिळूनही थांबेना. तेव्हा कर्णधार अजिंक्य रहाणे त्याच्याजवळ गेला आणि त्याला मैदानाबाहेर पाठवले. पंचाने नव्हे, स्वतःच्या कर्णधाराने. द्विशतकवीराला. काही षटकांनंतर जयस्वाल परत आला, सामना पश्चिम विभागाने २९४ धावांनी जिंकला आणि सामनावीरही जयस्वालच ठरला. पोराचे आयुष्य उद्ध्वस्त झाले नाही, त्याच्यावर गुंडाचा शिक्का बसला नाही. पुढच्याच वर्षी तो भारताकडून कसोटी खेळला आणि पदार्पणात शतक ठोकले. रहाणेने केले ते काही थोर तत्त्वज्ञान नव्हते. माझा माणूस आहे, तर आवरायचेही मीच, एवढेच.

मी हे करू शकलो असतो. मध्यंतराला माझ्या तोंडून 'अक्का' हा शब्द निघाला नसता तरी पुरे होते.

काही जण म्हणतील, मास्तर, अशाने खेळ मिळमिळीत होईल. होणार नाही. फजल अत्राचलीला ओरडण्यासाठी कुणाच्या बहिणीची चौकशी करावी लागली नाही. मांडी थोपटा, गर्जना करा, चढाईपटूला म्हणा की ये बाळा, आज तुला घरी पाठवतो. पण मैदानाच्या रेषेबाहेरचे काही आत आणायचे नाही. आई, बहीण, जात, भाषा, घरातले दुखणे, हे सगळे चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचे. फरक कळायला पुस्तक लागत नाही. सामना संपल्यावर जो शब्द त्याच माणसाबरोबर चहा पिताना पुन्हा उच्चारून दोघांना हसता येईल, तो शब्द खेळातला. ज्या शब्दाने चहाचा कप खाली ठेवावा लागेल, तो खेळातला नव्हे.

आणखी काही म्हणतील, मोठ्या लीगमध्ये सगळे चालते, आमच्यावरच का बंधने? तिथेही चालत नाही. प्रो कबड्डीत हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे दाखवले की दोन मिनिटे बाहेर, लाल दाखवले की सामना संपला. शिवाय तिथे कॅमेरे आहेत, बंदोबस्त आहे, खेळाडूच्या मागे करार आणि पैसा आहे. आपल्याकडे एक पंच, एक शिट्टी आणि दोरीला रेटून उभी राहिलेली दोन गावे. चुकले तर आपल्या पोराच्या मागे उभे राहायला काय असते? कौलांची भट्टी.

म्हणून तालुक्यातल्या सगळ्या मंडळांना माझी जाहीर विनंती आहे. यंदाच्या स्पर्धांच्या पत्रकावर प्रवेश फीच्या खाली तीन अटी छापा. एक, खेळाडूला वाईट शब्दांबद्दल दुसऱ्यांदा ताकीद मिळाली तर त्याच्याबरोबर त्याच्या संघाच्या प्रशिक्षकानेही मैदान सोडायचे आणि समोरच्या संघाला दोन गुण द्यायचे. दोन, भोंग्यावरून कुणी गावावर, भाषेवर किंवा जातीवर बोलले तर भोंगा बंद, उरलेला सामना पंचाच्या शिट्टीवर. तीन, कुणा खेळाडूवर बंदी घालायचा कागद झाला तर त्यात प्रशिक्षकाचे नाव आधी लिहायचे आणि खेळाडूचे नंतर. एवढे केले तर बाकावर बसून कानात कुजबुजणारे माझ्यासारखे मास्तर दहा वेळा विचार करतील.

आमचा तो कोपरा आता भाजीचा टेम्पो चालवतो. बेळगावहून रात्री निघतो, पहाटे गोव्यात पोचतो. गेल्या हिवाळ्यात एका सामन्याला तो मला दोरीपलीकडे उभा दिसला. त्याचा धाकटा मुलगा खेळत होता. तोही डावा कोपरा, तोच घोट्याचा हात. मध्यंतराला त्या मुलाच्या संघाच्या तरुण प्रशिक्षकाने त्याच्या खांद्यावर हात टाकून कानाशी तोंड नेले. काय बोलला ते मला ऐकू आले नाही. बापालाही आले नसणार. पण आम्ही दोघांनी एकाच वेळी मान वळवली आणि एकमेकांकडे बघितले.

त्याला जे त्या रात्री सांगायला हवे होते ते मी इथे छापून सांगतो. तो कागद मी लिहिला होता आणि त्यातली 'स्वतःच्या मनाने' ही अक्षरे खोटी होती. शेवटचे दोन शब्द त्याचे, त्यांची शिक्षा एखाद्या सामन्याची झाली असती. उरलेली तीन वर्षे माझी होती, ती त्याने भोगली. मंडळांनी वरच्या अटी मान्य केल्या तर पहिल्या पत्रकावर सूचक म्हणून माझे नाव घालावे. आणि मान्य नसतील तर का नाहीत, ते त्यांनी त्या टेम्पोवाल्याला त्याच्या घरी जाऊन सांगावे. पुढच्या खेपेला आत त्याचा मुलगा आहे.